१९१२१९६१ ही संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की आमच्या मैदानावर मुक्तिदिनाच्या परेडचा सराव सुरू होतो. ढोल आणि शिट्ट्यांच्या आवाजात वर्गात भूमिती शिकवणं अशक्य. मग मी फळ्यावर १९१२१९६१ असे आठ अंक लिहितो आणि पोरांना म्हणतो, "फोडा." फोंडा तालुक्यात गणित शिकवायला लागल्यापासून हा माझा नेम आहे. त्यावरून मुलं, त्यांचे पालक आणि परेड घेणारे आमचे पीटी सर जे प्रश्न विचारत आले ते इथे एकत्र केलेत. काही प्रश्न गणिताचे आहेत, काही नाहीत.

हीच संख्या का?

१९ डिसेंबर १९६१ ही गोवामुक्तीची तारीख आहे. मधल्या रेघा काढून टाकल्या की आठ अंकी संख्या मिळते. वाचायची एक कोटी एक्याण्णव लाख एकवीस हजार नऊशे एकसष्ट. आमच्याकडे चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी अशी गाडी रूळ बदलते, त्यामुळे निम्मा वर्ग ती "नाइन्टीन मिलियन" अशी वाचायला जातो आणि मध्येच अडखळतो. वाचन कसंही करा, संख्या तीच.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. ३ ने भाग जातो, इतकंच पुरे. अंकांची बेरीज १+९+१+२+१+९+६+१ = ३०, आणि ३० ला ३ ने भाग जातो.

एका आंतरशालेय क्विझमध्ये ही संख्या मूळ आहे हे उत्तर बरोबर धरलं होतं. आमच्या मुलीने "नाही" म्हटलं आणि तिचा गुण कापला. मी टेबलापाशी जाऊन बेरीज करून दाखवली. "निर्णय अंतिम" असं उत्तर मिळालं. ३ चा पाढा त्याहून अंतिम असतो, पण चहा पिऊन परत आलो.

मग तिचे मूळ अवयव कोणते?

१९१२१९६१ = ३ × १९ × ३३५४७३

तिन्ही मूळ आणि तिन्ही वेगवेगळे. म्हणून एकूण विभाजक आठ: १, ३, १९, ५७, ३३५४७३, १००६४१९, ६३७३९८७ आणि ती स्वतः. तिला स्वतःला सोडून उरलेल्या सातांची बेरीज ७७१५९५९ येते. संख्येच्या निम्मीही नाही, म्हणजे परिपूर्ण संख्येच्या (जिच्यात ही बेरीज बरोबर संख्येएवढीच येते) आसपाससुद्धा ही नाही.

१९ तारखेच्या संख्येला १९ ने भाग जातो! हा योगायोग असू शकतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दर डिसेंबरला व्हॉट्सॲपवर कुणीतरी तो "दैवी संकेत" म्हणून फिरवतं.

आधी भाग खरंच जातो का ते बघू. १९ ची सोपी कसोटी आहे: शेवटचा अंक तोडा, त्याची दुप्पट उरलेल्यात मिळवा, पुन्हा तेच करा.

१९१२१९६१ → १९१२१९६ + २ = १९१२१९८
→ १९१२१९ + १६ = १९१२३५
→ १९१२३ + १० = १९१३३
→ १९१३ + ६ = १९१९

इथे थांबलात तरी चालेल, कारण १९१९ म्हणजे १९ × १०१ हे डोळ्यांना दिसतं. कसोटी चालते कारण २० ला १९ ने भागलं की बाकी १ उरते. संख्या १०क + ख अशी लिहा आणि दुप्पट करा: २०क + २ख. १९ च्या हिशेबात २०क म्हणजे नुसता क. राहिलं क + २ख.

आता संकेताचं. संख्येच्या तोंडाशीच १९ आहे, म्हणजे १९०००००० एवढा भाग १९ ने जाणारच. प्रश्न उरतो मागच्या १२१९६१ चा. तोही जातो: १९ × ६४१९. हा मागचा भाग जाण्याची शक्यता एकोणीसात एक. म्हणजे वर्षभरात १९ तारखेला काहीतरी घडलेल्या एकोणीस घटना घेतल्या, तर त्यातली साधारण एखादी अशी निघणार. ती आपली निघाली. मला आनंद आहे, पण देव्हाऱ्यात ठेवण्याएवढा नाही.

शंका असेल तर उरलेले दोन आकडे बघा. १२ ने भाग जात नाही, संख्या विषम आहे. १९६१ ने? संख्या १९१२ × १०००० + १९६१ अशी आहे, तेव्हा १९१२ × १०००० ला १९६१ ने भाग जायला हवा. पण १९६१ = ३७ × ५३ आणि १९१२ = ८ × २३९. ३७ ही नाही, ५३ ही नाही. संकेत द्यायचाच होता तर पूर्ण तारखेचा द्यायला काय हरकत होती?

तारीख दुसऱ्या पद्धतीने लिहिली तर?

हा प्रश्न एका आठवीतल्या मुलाने विचारला आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच. त्याचा मामा अमेरिकेत, तिकडे महिना आधी लिहितात: १२१९१९६१. संगणकवाले वर्ष आधी लिहितात: १९६११२१९.

३ ने तिन्ही जातात. अंक तेच आहेत, जागा तेवढ्या बदलल्या, बेरीज ३० च राहिली. १९ ने मात्र पहिलीच जाते. १२१९१९६१ ला बाकी ३ उरते, १९६११२१९ ला ८. आपण सरकारी फॉर्मवर लिहितो तशी १९१२६१ लिहिली तरी बाकी ७.

म्हणजे "१९ चा संकेत" त्या दिवसाचा नव्हता. तारीख लिहिण्याच्या आपल्या सवयीचा होता.

आणखी पुढे जाऊ. या आठ अंकांत चार १ आहेत, दोन ९, एक २, एक ६. त्यांची अदलाबदल करून ८४० वेगवेगळ्या संख्या तयार होतात. त्या ८४० पैकी एकही मूळ नाही, कारण सगळ्यांना ३ ने भाग जातो. ८४० संख्या न तपासता हे ठामपणे सांगता येतं. मी शिकवायला लागलो तेव्हा मलाही यात जादू वाटायची. अजूनही थोडी वाटते.

३३५४७३ मूळ आहे हे कशावरून? मोबाइलवर बघितलं?

मोबाइलवर नंतर बघितलं. आधी हाताने केलं, म्हणजे पोरांनी केलं.

३३५४७३ चं वर्गमूळ ५७९ च्या थोडं पुढे आहे (५७९² = ३३५२४१). संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव ५७९ च्या आत सापडलाच पाहिजे. दोन्ही अवयव त्याहून मोठे असतील तर गुणाकार संख्येच्या पलीकडे जाईल. ५७९ च्या आत मूळ संख्या १०६, शेवटची ५७७. वर्गात मुलं सत्तावीस. प्रत्येकी चार वाटल्या, दोन मुलांना तीन-तीन आल्या.

वीस मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जालें! एकोणतीसान वता!" अख्खा वर्ग वळला. मी वही मागवली. २९ × ११५६८ = ३३५४७२. एकाने हुकलं होतं. त्याने शेवटी उरलेला १ "लहान आहे" म्हणून सोडून दिला होता. तो खाली बसतो न बसतो तोच पुढच्या बाकावरची मुलगी ५९ घेऊन उभी. ५९ × ५६८६ = ३३५४७४. हीसुद्धा एकानेच हुकलेली, पण पलीकडच्या बाजूने. मग २४१ वाला उठला, त्याचीही बाकी १. ही संख्या पोरांना खेळवते. शेजारची ३३५४७२ सहज फुटते: १६ × ३ × २९ × २४१. मधोमध ही बया कुणालाच दाद देत नाही.

१०६ पैकी एकानेही भाग गेला नाही. घंटा झाली तेव्हा फळा पुसायला कुणी तयार नव्हतं. हे माझ्या वर्गात दरवर्षी घडत नाही.

बाकी १ उरली तर "जवळजवळ भाग जातो" असं म्हणता येईल का?

नाही. कदंबा बस एका मिनिटाने चुकली तर ती जवळजवळ मिळाली असं घरी सांगता का?

एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये मूळ संख्या विरळ असतात का?

हळूहळू विरळ होत जातात. या टापूत साधारण दर सतरा संख्यांमागे एक मूळ सापडते, कारण या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम १६.८ च्या आसपास आहे. "साधारण" हा शब्द महत्त्वाचा: कुठे दोन मूळ संख्या एका सम संख्येच्या दोन बाजूंना चिकटून बसलेल्या असतात, कुठे लांबवर एकही नसते.

या विरळपणात संभाव्यतेचे नियम शोधणारा एक माणूस आपल्याच मातीतला. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबे. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात; पोटापाण्याला ते गणिती होते. उतारवयात त्यांनी संभाव्यतेच्या वाटेने मूळ संख्यांवर बरंच काम केलं. रीमानचं गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांच्या विखुरणीशी जोडलेलं एक प्रसिद्ध न सुटलेलं कोडं, सिद्ध केल्याचा त्यांचा दावा मात्र गणितज्ञांनी मान्य केला नाही. काही शोधनिबंध त्यांनी 'एस. डुक्रे' या टोपणनावाने छापले. गोव्यातल्या पोरांना हे शाळेत कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगितलं.

ही खरोखर "मोठी" संख्या म्हणायची का?

कुणाच्या मानाने यावर आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. ही तिच्या तेरापटीहून थोडी जास्त.

सेकंदाला एक या वेगाने न झोपता मोजायला बसलात तर २२१ दिवस, ७ तास, ३९ मिनिटं आणि २१ सेकंद लागतील. १९ डिसेंबर सुरू होताना, मध्यरात्री बाराला सुरुवात करा. पुढचं वर्ष लीप नसेल तर २८ जुलैला सकाळी आठच्या आत मोकळे व्हाल. बाहेर पाऊस कोसळत असेल आणि शाळा कधीच सुरू झालेली असेल.

गणितज्ञांच्या मानाने ही किरकोळ. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. म्हणजे तिच्या नुसत्या अंकांची मोजदादसुद्धा आपल्या संख्येच्या दुपटीहून पुढे जाते.

ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

येत नाही, आणि कारण दोन ओळींत मावतं. कुठल्याही वर्गाला ३ ने भागलं तर बाकी ० किंवा १ उरते, २ कधीच नाही. दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही बाक्या ० हव्यात, म्हणजे दोन्ही वर्गांना ९ ने भाग जातो, म्हणजे बेरजेलाही ९ ने जायला हवा. आपल्या अंकांची बेरीज ३०. ९ ने जात नाही. विषय संपला.

वजाबाकी म्हणून चार प्रकारे येते. त्यातली मला आवडणारी:

५०३२१९² − ५०३२००² = १९१२१९६१

दोघांत फरक १९ चा, बेरीज १००६४१९. उरलेले तीन प्रकार विभाजकांच्या जोड्या घेऊन स्वतः काढा.

कापरेकरांच्या कसोट्यांना ही उतरते का?

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हे आम्हा शिक्षकांचं दैवत, म्हणून हा प्रश्न मीच स्वतःला विचारला.

हर्षद संख्या नाही. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. बेरीज ३०, आणि शेवटी ० नसलेल्या संख्येला ३० ने भाग कसा जाणार?

स्वयंभू नाही. स्वयंभू म्हणजे जिला "आई" नाही: कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. आपल्या संख्येला आई आहे, १९१२१९२८. तिच्या अंकांची बेरीज ३३, आणि १९१२१९२८ + ३३ = १९१२१९६१. शोधायला गेलात तर ही एकुलती एक आई सापडेल.

खरी मौज शेवटच्या चार अंकांत आहे. १९६१ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजा करा आणि पुन्हा तेच करत राहा:

९६११ − ११६९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या ६१७४ ला येऊन थांबते, हा कापरेकरांचा शोध. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. १९६१ ने सातही घेतल्या. पोर्तुगीज राजवटीत ४५१ वर्षं वाट बघायला लावणारं साल, घाई कशाला करेल, असं पीटी सर म्हणाले. (४५१ = ११ × ४१, विचारणार असाल तर.)

ही "आनंदी संख्या" आहे का?

नाही, आणि दरवर्षी कुणीतरी हिरमुसतं. अंकांचे वर्ग करून बेरीज घेत राहायचं, १ आला तर संख्या आनंदी. आपलं: २०६, ४०, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४ आणि पुन्हा १६. फिरत राहते, १ ला पोचतच नाही.

एका आजोबांना हे पटलं नाही. "मुक्तीचा दिवस आनंदी नाही म्हणता?" मी म्हटलं, "आजोबा, दिवस आनंदीच होता. दहा अंकांऐवजी आठ अंकांत मोजणारी माणसं असती तर हिचे अंकच वेगळे पडले असते, आनंदाचा हिशेबही वेगळा." हर्षद, स्वयंभू, आनंदी ही सगळी लिहिण्याच्या पद्धतीची नाती. ३ × १९ × ३३५४७३ हे संख्येचं स्वतःचं. संगणक तिला १००१०००११११०००१११००१०१००१ अशी पंचवीस अंकांत लिहितो, तरी १९ ने भाग जातोच. आजोबा म्हणाले, त्या मंगळवारी तुझा जन्मही झाला नव्हता. तेही खरं.

१९६१ उलटं धरलं तरी १९६१ च दिसतं?

इंग्रजी आकड्यांत लिहिलंत तर हो. वही अर्धी फिरवा. याआधी असं साल १८८१ होतं, यानंतरचं ६००९. देवनागरी आकड्यांत ही गंमत होत नाही.

गोव्याच्या बाकीच्या तारखा?

१८ जून १९४६, क्रांतिदिन: १८०६१९४६ सम आहे, मूळ असण्याचा प्रश्नच नाही. सम सालाची कुठलीही तारीख अशी लिहिली की पहिल्याच फटक्यात बाद. या संख्येला ७ नेही भाग जातो. ३० मे १९८७, घटकराज्य दिन: ३००५१९८७ ला ३ ने आणि ७ ने, म्हणजे २१ ने भाग जातो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, १६०११९६७, यंदाच्या नववीला दिलाय. ३, ७, ११, १३, १७, १९ पैकी कशानेच जात नाही एवढं सांगून ठेवतो. पुढचं त्यांनी बघावं.

मटक्याला हा आकडा लागेल का?

हा प्रश्न एका पालकाने, मुलगा शेजारी उभा असताना विचारला. मटका बेकायदेशीर आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, तुमच्या मुलाने २९ ची बाकी सोडून दिली होती, आधी त्याचं बघा.